हौसाबाईंचा दावा, आईची खिडकी

ये, अशी जवळ ये बरं, सई. कागदावरच म्हणते आहे, कारण प्रत्यक्षात तू यायचं नाव काढत नाहीस. तुझं कोर्ट शिवाजीनगरला, मी कोथरूडला, आता तर मेट्रोही झाली, तरी तू असं बोलतेस जशी काही मी नागपूरला राहते. "आत्याआजी, पुढच्या रविवारी नक्की." तुझ्या त्या नक्कीला पाच महिने झाले. वकिलाचं बोलणं म्हणून मी ते सोडूनही दिलं असतं, पण परवा फोनवर तू रडलीस आणि रडता रडता जे बोललीस, त्यानंतर मला दोन दिवस कशात लक्ष लागेना. आठवणींच्या या वहीत खरं तर माझ्या लग्नाचं प्रकरण लिहायला घेतलं होतं, ते बाजूला ठेवलं आणि हे आधी लिहिते आहे.

बाकी वाचणाऱ्यांना सांगायला हवं की सई माझ्या धाकट्या भावाची नात. सनद घेऊन दोन वर्षं झाली. तिची एक अशील आहे, दिराशी दुकानाच्या गाळ्यावरून भांडण. सईनं त्या बाईसाठी रविवार घातले, जेवणं चुकवली, सही तपासणाऱ्या तज्ज्ञाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले आणि बाईला त्याचा पत्ता लागू दिला नाही. आता ती बाई म्हणते आहे की दीर देतोय त्यावर मिटवून टाकू. सई मला म्हणाली, "मी तिला सांगूनच टाकणार आहे, आत्याआजी, पैसे कुणी भरले ते. कळायला नको का तिला, मी काय काय केलंय?"

थांब, बाळा. निदान हे वाचून होईपर्यंत थांब.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. कसबा पेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. पुढची खोली नानांचं ऑफिस आणि मागची खोली म्हणजे आमचं उरलेलं सगळं आयुष्य. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. आई भर दुपारीसुद्धा दिवा लावून भाकरी थापायची, आणि स्टोचा वास तिच्या लुगड्याला इतका बसलेला असायचा की डोळे मिटूनही ती कुठे उभी आहे ते सांगता यायचं. बाहेर गल्लीच्या टोकाला तांबटांची ठोकाठोक सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळी दिवेलागणीला थांबायची. आत माझा टाइपरायटर. मी मॅट्रिकला गणितात गेले, दुसऱ्यांदाही गेले, आणि नानांच्या एका मित्राचं जुनं मराठी मशीन घरात पडून होतं त्यावर आपलं आपण शिकले. तांबटांच्या हातोड्याशी ताल धरून टाइप करायची सवय लागली होती. त्यांची सुट्टी असली की माझ्या चुका वाढत.

नानांकडे माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवून आलात का?" खेडेगावातून तारखेला येणारी माणसं पहाटेची एसटी धरून आलेली असत, ती काय जेवणार? मग नाना मागे वळून नुसतं खाकरायचे. आई पडद्याआडून विचारायची, "आज कोण आहे, वादी की प्रतिवादी?" आणि पिठल्यात पाणी वाढवायची. जेवण झालं की नाना त्या माणसाला सगळं बोलू द्यायचे, अगदी दाव्याशी संबंध नसलेलंही. कुणाची म्हैस कधी व्याली, सुनेचा पाय कसा मोडला, सगळं. दुसरे वकील हसायचे. फीचं नाव मात्र नाना काढत नसत, आणि अशिलानं काढलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. निकालाच्या दिवशी ते स्वतः जेवत नसत. हरले तर पुढचे चार दिवस ते घरात असून नसल्यासारखे वागायचे आणि आम्ही पावलं न वाजवता चालायचो. लोकांना वाटतं प्रेमळ वकिलाचं घर प्रेमळ असेल. होतंही, पण ते प्रेम बहुतेक वेळा पुढच्या खोलीतच संपायचं.

तरीही त्या काळात आमच्या घरात एक मोठं सुख होतं. कोथरूडला एका सोसायटीत आमचं नाव लागलं होतं. कोथरूड म्हणजे तेव्हा शेतं, बाभळी आणि मध्येच उभे राहिलेले सिमेंटचे खांब. हप्त्याहप्त्यानं पैसे भरायचे होते. रविवारी आई मला घेऊन बसनं तिथं जायची, नुसती बघायला. दुसऱ्या मजल्यावर भिंती उठल्या होत्या. आई त्या विटांमधून वाट काढत एका चौकटीपाशी जाऊन उभी राहायची, हातानं हवेतच ओटा आखायची आणि म्हणायची, "इथे शेगडी. आणि भाकरी थापताना समोर टेकडी." मग थोडा वेळ तशीच उभी राहायची, जणू तव्यावर भाकरी आहे. मजूर बघायचे. मला लाज वाटायची.

हौसाबाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या एका सकाळी उन्हातून येरवड्याहून चालत आल्या होत्या. चाळिशीच्या पुढच्या, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवीत घेवड्याच्या शेंगा. त्या मूळच्या शहराबाहेरच्या एका गावच्या. ते गाव आता कुठे संपतं आणि पुणं कुठे सुरू होतं हे तिथल्या रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. नवरा गेल्यावर त्या येरवड्याला लेकीकडे राहत होत्या. जावयाच्या दारात. हे सांगताना त्यांनी पदर तोंडाला लावला होता, जसं काही चोरीच कबूल करत होत्या.

"वकीलसाहेब, मला वाटणी नगं," त्या म्हणाल्या. "एक खोली बांधीन येवढी जागा दे म्हनलं भावाला. तर भावजय म्हनती, अंगठा दिलास तवा अक्कल कुठं गेलती?"

त्यांचा अंगठा कसा घेतला ते ऐक. वडील वारले, दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. सगळे ताटकळलेले. हौसाबाई पिंडाकडे डोळे लावून बसलेल्या, वडिलांची काय इच्छा राहिली म्हणून मनातल्या मनात विचारत. तेवढ्यात भाऊ कागद घेऊन आला. "आक्का, बापाच्या जागी आपली नावं लावायची हायत." त्यांनी कागदाकडे न बघता अंगठा दिला, आणि त्याच वेळी कावळा शिवला. त्यांना वाटलं, बापाचा जीव यातच अडकला होता. दोन दिवसांनी जीपमधून कचेरीत नेलं, विचारतील त्याला मान हलव म्हणून सांगितलं, त्यांनी हलवली. ते होतं हक्कसोड पत्र, वडिलांच्या जमिनीवरचा आपला हक्क भावाला सोडून दिल्याचा कागद. गावाशेजारी रस्ते आखले जायला लागले, जमीन बिल्डरच्या तोंडी आली, तेव्हा त्यांना कळलं.

नानांनी चष्मा काढून पुसला. पडद्याआडून आईचा हात आला, त्यात न मागितलेली दुसरी भाकरी होती.

आता पैशाचं सांगायलाच हवं, कारण या गोष्टीत तेच खरं दुखणं. जमिनीचा भाव चढला तसा तिच्यावरच्या दाव्याला लागणारा कोर्ट-फीचा स्टँपही चढला होता. बायकांना हल्ली जी माफी मिळते ती तेव्हा नव्हती. हौसाबाईंकडे घेवड्याच्या शेंगांपलीकडे काही नव्हतं, आणि सोसायटीचा मोठा हप्ता त्याच महिन्यात होता. नाना मागच्या खोलीत आले, पाटावर बसले आणि बराच वेळ वाटीतलं ताक ढवळत राहिले. मी भिंतीशी भाजी निवडत होते.

"स्टँपाचे आपण भरले तर?" नाना म्हणाले.

"परत कधी येतील?"

"निकाल लागला की."

"बरं. नातवंडांना सांगून ठेवते," आई म्हणाली. मग तिनं पातेल्याखालची वात बारीक केली आणि तशीच पाठमोरी म्हणाली, "भरा. त्या बाईला स्वयंपाकघरच नाहीये. मला निदान बिनखिडकीचं तरी आहे."

हप्ता थकल्याची सोसायटीची दोन पत्रं आली. तिसऱ्यात आमचं नाव कमी केल्याचं कळवलं होतं. नानांनी ते पत्र घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि आम्हा दोघींना बजावलं, "हौसाबाईंना हे कधीही कळता कामा नये." मला वाटलं, हा त्यांचा मोठेपणा. बरीच वर्षं मला तसंच वाटत होतं.

दावा सुरू होऊन दोन वर्षं होईतो हौसाबाई आमच्या घरच्याच झाल्या होत्या. तारखेला आल्या की आईबरोबर लसूण सोलत बसायच्या. आईला त्या माई म्हणायच्या. मला त्यांनी ठेचा खलबत्त्यात कसा रगडायचा ते शिकवलं, मी त्यांना सही शिकवली. "आता कुनी अंगठा मागू दे," त्या म्हणायच्या आणि पाटीवर हौसा, हौसा, हौसा असं लिहीत राहायच्या. त्यांची साक्ष झाली त्या दिवशी मी मुद्दाम कोर्टात गेले होते. समोरच्या वकिलानं विचारलं, "बाई, कागदावर अंगठा देताना तुमचं लक्ष कुठं होतं?" त्या म्हणाल्या, "बापाकडं." नाना बाहेर येऊन म्हणाले, "जिंकलो आपण." आपण म्हणाले ते.

दिवाळीला आठवडा असेल. आई भाजणी दळायला गिरणीत गेली होती, तुझे आजोबा शाळेत, नाना कोर्टात. मी हौसाबाईंच्याच दाव्यातले कागद तिसऱ्यांदा टाइप करत होते. त्या जिना चढून आल्या, पण रोजच्यासारख्या धापा टाकत नाही. हातात पेढ्यांचा पुडा.

"साहेब न्हाईत व्हय? मग तू घे आधी. पोरी, धाकला आलता."

धाकला म्हणजे भाऊ. त्यांची आई वारली तेव्हा हौसाबाई नऊ वर्षांच्या आणि तो कडेवरचा. त्यांनी वाढवलेला.

"कुठं आला होता?"

"येरवड्याला. लेकीच्या दारात हुबा. रडला गं लई. दावा घातल्यापासनं त्वांड बघितलं नव्हतं त्याचं. म्हनला, आक्का, भाऊबीजेला न्यायला येतो."

"आणि?"

"आनि काय. दावा तेवढा काढून घे म्हनला."

"आणि तुमची खोली?"

त्या हसल्या. अजून दिसतं मला ते हसू, वरचा एक दात पडलेला. "खोलीचं काय घेऊन बसलीस? माहेर म्हनल्यावर खोली कशाला लागती?"

सई, मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की तो दावा मी लढते आहे. त्या भावाचा मला असा राग होता की त्यानं कोर्टात दिलेल्या उत्तराची, कैफियतीची, नक्कल टाइप करताना मी बोटं आपटायचे. आणि ही बाई भाऊबीजेच्या एका साडीवर आणि दोन आसवांवर सगळं सोडून निघाली होती. मी उभी राहिले. म्हणाले, "तुम्हाला काय, तुम्ही काढून घ्याल. तुमच्या स्टँपापायी आमची कोथरूडची जागा गेली. आई अजून अंधारात भाकऱ्या थापते ती कुणामुळे?"

गल्लीच्या टोकाला ठोकाठोक चालली होती. हौसाबाईंनी विचारलं, "कवा?"

मी सांगितलं. कधी, कसं, सगळं सांगितलं, पत्रांसकट. सुरू झाल्यावर मला थांबताच येईना.

"माई मला कवा बोलल्या न्हाईत," त्या म्हणाल्या. पेढ्यांचा पुडा त्यांनी टाइपरायटरच्या शेजारी ठेवला, वहाणा हातात घेतल्या आणि जिना उतरून गेल्या.

नाना आल्यावर मीच सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते चहाचा कप तसाच ठेवून उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल. तू बोललीस ना, आता ऐकायलाही चल." आम्ही येरवड्याची बस धरली. हौसाबाई दारात बसून राखेनं भगुनं घासत होत्या. आम्हाला बघून उठल्या, सतरंजी टाकायला लागल्या.

"बसायला नाही आलो," नाना म्हणाले. "हौसाबाई, दावा तुमचा आहे. मनातून मिटवायचं असेल तर उद्या अर्ज देतो. स्टँपाचे थोडेफार परत मिळतात. आमचं काही अडलेलं नाही."

नाना खोटं बोलले की त्यांची मान डावीकडे कलायची. हौसाबाईंनाही एव्हाना ते ठाऊक होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "सकाळी म्या मोकळी व्हते. आता न्हाई. माईंच्या घरावर पाय देऊन भावाच्या घरी कशी जाऊ?"

"पण तुमच्या मनात जायचंय."

"मनाचं काय इचारताय?" त्या पुन्हा खाली बसल्या आणि भगुनं घासायला लागल्या. "चालवा दावा."

परतताना पुलावर बस अडकली होती. तेव्हा नाना खिडकीबाहेर बघत बोलले. "मी पैसे लपवले ते मोठेपणासाठी नाही, बेबी. माणूस एकदा मिंधं झालं की त्याला मिटवता येत नाही. वकिलानं अशिलाला हरायचीसुद्धा मोकळीक ठेवावी लागते." मग म्हणाले, "चूक तुझी एकटीची नाही. लपवावं लागेल एवढं मी करायलाच नको होतं."

आम्ही जिंकलो. हक्कसोड पत्र रद्द झालं, हौसाबाईंना त्यांचा वाटा मिळाला. कोर्टाच्या पायऱ्यांवर भाऊ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, हातभर अंतरावर. "आक्का, आजपासनं तुझा भाऊ मेला," म्हणाला आणि निघून गेला. नाना त्या दिवशी जिंकूनही जेवले नाहीत. हौसाबाईंनी थोडी जमीन विकली, एक खोली बांधली, आणि पैशाचं पुडकं घेऊन आमच्याकडे आल्या. नानांनी स्टँपाचे आणि वाजवी फीचे घेतले, एक पैसा वर नाही. तेवढ्या पैशात तोवर कोथरूडला जिनासुद्धा आला नसता. आई कोथरूडच्या बसमध्ये पुन्हा कधी बसली नाही. तिला मी कधी तक्रार करताना ऐकलं नाही, पण कुणी नवीन घर घेतलं की तिचा एकच प्रश्न असायचा, "स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?"

आणि मग भाऊबीज आली. सकाळीच हौसाबाई तबक घेऊन दारात. कुणी बोलावलं नव्हतं. "साहेब, पाटावर बसा," म्हणाल्या. नाना बसले. त्यांनी ओवाळलं. नानांची मान एवढी खाली गेली होती की कुंकू लावायला त्यांना हनुवटी धरून वर करावी लागली. आईनं ओवाळणीत लुगडं घातलं. त्यानंतर नाना होते तोवर एक वर्ष चुकलं नाही. शेजारी कौतुक करायचे, अशील असावी तर अशी. मला दर वर्षी त्या तबकातला दिवा दिसायचा आणि वाटायचं, हा इथे लागायचा नव्हता.

फार नंतर, नाना गेल्यावर, मी हौसाबाईंच्या खोलीवर गेले होते. चारी बाजूंनी इमारती उठलेल्या, मध्ये ती खोली आणि दारात घेवड्याचा वेल. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "मी त्या दिवशी बोलायला नको होतं." त्या म्हणाल्या, "न्हाई बोलली असतीस, तर दावा काढला असता. पुढं धाकल्यानं माहेर ठिवलं असतं का नसतं, काय म्हाईत? नसतं बी ठिवलं." मग माझ्या हातातून हात सोडवून घेत म्हणाल्या, "पर म्या माझ्या डोळ्यानं बघितलं असतं गं."

सई, तुझी ती बाई चुकतच असेल. दिरानं तिला फसवलंही असेल. तू तिला दहा वेळा समजाव, गाळ्याची किंमत सांग, कायदा सांग, हवं तर भांड. पण त्या पैशांचं सांगू नकोस. आणि पुढच्या वेळी, लपवावं लागेल एवढं देऊ नकोस. हे दुसरं जास्त अवघड आहे, आमच्या घराण्यात ते अजून कुणाला जमलेलं नाही.

माझ्या स्वयंपाकघराला इथे मोठी खिडकी आहे. समोर टेकडी होती, आता दहा मजली इमारत आहे, पण डावीकडे वाकलं की टेकडीचा एक तुकडा अजून दिसतो. हल्ली माझ्या हाताला भाकरी नीट गोल येत नाही, तेव्हा थापायची तू. मी खिडकीशी स्टुलावर बसेन आणि नावं ठेवेन. त्या बाईशी बोलायच्या आधी ये. रविवारची वाट बघू नकोस, मंगळवारी कोर्ट सुटलं की तशीच ये. मी पिठलं जरा घट्टच करीन, आता पाणी वाढवायची वेळ येत नाही.